अक्षरांची सजावट, शिरोरेघ सांभाळून

श्रीरामपूर शहरातल्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर नाव आहे बेलापूर. प्रत्यक्ष बेलापूर गाव तिथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी. दौंड-मनमाड मार्गावरची एखादी गाडी न थांबता निघून गेली तरी ही पाटी खिडकीतून वाचता येते. पिवळ्या फलकावर काळी, जाड, सपाट अक्षरं. सावली नाही, चमक नाही, कडेला दुसरा रंग नाही. रेल्वेचं एवढ्यावर भागतं, कारण त्या फलकावर अक्षरांशिवाय दुसरं काहीच नसतं.

स्टेशनबाहेरच्या फ्लेक्सची गोष्ट वेगळी. मागे ढग आणि किल्ला, वर सूर्याचे किरण, खाली पाकळ्या, दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा, आणि या सगळ्यातून ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ उठून दिसायच्या असतात. श्रावणात सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाचे फ्लेक्स, सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचे, मग गणपती, नवरात्र, दहावी-बारावीचे निकाल, दशक्रिया विधी. या तालुक्यात फ्लेक्सला वर्षभर खंड नाही. अशा चित्रावर एकच शब्द अर्धा पांढऱ्या ढगावर आणि अर्धा काळ्या कड्यावर येतो. पिवळा रंग दिला तर ढगावरची अक्षरं दिसत नाहीत, निळा दिला तर कड्यावरची बुडतात. म्हणून अक्षराला स्वतःची जागा करून द्यावी लागते. आउटलाइन, सावली, ग्लो (अक्षराभोवतीचा उजेड) यांचं पहिलं काम हेच आहे: अक्षर आणि चित्र यांच्यात एक कुंपण घालणं. शोभा त्यानंतर येते. आणि ज्या इफेक्टनं अक्षर वाचायलाच अडचण होते तो इफेक्ट कितीही झळाळता असला तरी फसलेला आहे, असं मी ठामपणे मानतो.

हे इफेक्ट आतून कसे चालतात ते कळलं की ते कुठे दगा देणार तेही कळतं.

फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरला ‘बेलापूर’ हा शब्द एका साच्यासारखा दिसतो. प्रत्येक पिक्सेलला 0 ते 255 यांमधली एक किंमत असते. 0 म्हणजे इथे अक्षर नाही, 255 म्हणजे पूर्ण अक्षर. कडेच्या पिक्सेलना मधल्या किमती मिळतात, म्हणून वळणं पायऱ्यांसारखी न दिसता गुळगुळीत दिसतात. ‘ब्लेंडिंग ऑप्शन्स’मधली इफेक्टची जवळजवळ सगळी यादी या एका साच्यातून निघते.

सावली घ्या. साच्याची एक प्रत काढायची, ती थोडी सरकवायची, धूसर करायची, काळ्या रंगानं भरायची आणि अक्षराच्या खाली ठेवायची. प्रकाशाचा कोन 120 अंश ठेवला, म्हणजे उजेड वरून डावीकडून येतो असं मानलं, आणि अंतर 20 पिक्सेल दिलं, तर प्रत 10 पिक्सेल उजवीकडे आणि साधारण 17 पिक्सेल खाली सरकते. शाळेतल्या त्रिकोणमितीतलं साइन-कोसाइन इथे कामाला येतं. धूसर करताना प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याच्या शेजाऱ्यांची सरासरी येते, जवळच्या शेजाऱ्याला जास्त वजन, लांबच्याला कमी. शेवटी ‘मल्टिप्लाय’ म्हणजे सरळ गुणाकार: खालच्या चित्राचा उजळपणा 200 असेल आणि काळी सावली 75 टक्के दाट असेल, तर तिथे 50 उरतात. खालचं चित्र पुसलं न जाता गडद होतं, म्हणून सावली खरी वाटते.

आउटलाइन, म्हणजे ‘स्ट्रोक’, याचं गणित त्याहून सोपं. अक्षराबाहेरचा प्रत्येक पिक्सेल अक्षराच्या कडेपासून किती लांब आहे ते मोजायचं, आणि अंतर ठरवलेल्या आकड्याच्या आत असेल तर त्याला रंग द्यायचा. ‘बेव्हल अँड एम्बॉस’ हेच अंतर आतल्या बाजूनं मोजतो आणि त्याला उंची समजतो. कडेवर उंची शून्य, आत जावं तशी वाढत जाते. असा उतार तयार झाला की उतार उजेडाकडे तोंड करून आहे की पाठ करून, एवढंच बघायचं. तोंड असेल तिथे उजळ, पाठ असेल तिथे गडद. संगणकात खरी जाडी कुठेच नसते. उजेड-अंधाराच्या दोन पट्ट्यांवरून जाडीचा भास आपलाच मेंदू करून घेतो.

हा भास का होतो, यावर चेन्नईत वैद्यकशास्त्र शिकलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1988 मध्ये ‘नेचर’मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. वरची बाजू उजळ आणि खालची गडद असलेली चकती आपल्याला फुगीर दिसते; तीच उलटी केली की खड्डा दिसतो. प्रकाश वरून येतो आणि तो एकाच ठिकाणाहून येतो, असं मेंदू धरून चालतो. फोनवर एम्बॉस केलेलं एखादं नाव उघडा आणि फोन उलटा धरा. उठावाचं अक्षर कोरलेलं दिसायला लागतं. म्हणूनच सगळ्या इफेक्टना उजेडाची एकच दिशा देणाऱ्या ‘ग्लोबल लाइट’ची खूण काढू नये. नावावर उजेड डावीकडून, पदावर उजवीकडून आणि फोटोतल्या चेहऱ्यावर तिसरीकडूनच असेल, तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चित्र जोडकाम वाटतं.

सोनेरी अक्षरांना सगळ्यात जास्त मागणी असते आणि तीच सगळ्यात जास्त बिघडतात. पिवळ्यातून केशरीत जाणारा सावकाश ग्रेडियंट दिला की अक्षर प्लॅस्टिकचं दिसतं. कारण धातू आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवतो. सोन्याच्या अंगठीवर गडद तपकिरी पट्ट्याला लागून एकदम लख्ख पट्टा येतो, मध्ये फारसं संक्रमण नसतं. म्हणून ग्रेडियंटमध्ये गडद तपकिरी आणि फिकट पिवळा हे दोन थांबे अगदी जवळ आणावे लागतात, आणि असा चढ-उतार दोनतीनदा यावा लागतो. दुसरी गोष्ट बारकाईची आहे. प्लॅस्टिकवरची चमक पांढरी असते, सोन्यावरची चमकही पिवळसर असते, कारण सोनं परतवलेल्या उजेडालाच रंग देतं. बेव्हलमध्ये उजळ बाजूचा रंग मुळात पांढरा आणि गडद बाजूचा काळा ठेवलेला असतो. ते बदलून उजळ बाजूला फिकट पिवळा आणि गडद बाजूला करडा-तपकिरी दिला, की बाकी काहीही न करता अक्षर सोन्याच्या पुष्कळ जवळ जातं.

आज हे दोन क्लिकचं काम आहे. फोटोशॉपची पहिली आवृत्ती फेब्रुवारी 1990 मध्ये आली तेव्हा त्यात लेयरच, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे सुटे थरच, नव्हते. ते 1994 मधल्या तिसऱ्या आवृत्तीत आले. सावली हवी असेल तर चॅनलची प्रत काढून, सरकवून, धूसर करून, बेरीज-वजाबाकी करून ती हातानं बांधायची. 1998 च्या पाचव्या आवृत्तीत सावली आणि बेव्हल लेयरला चिकटले, अक्षर नंतर बदललं तर सावली आपोआप बदलू लागली. आपल्याकडच्या फ्लेक्सच्या दुकानांनी 2002 ची सातवी आवृत्ती वर्षानुवर्षं वापरली. त्यात एका लेयरला एकच आउटलाइन देता येई. पांढरी बॉर्डर, तिच्याबाहेर लाल आणि मग सावली, हा जो फ्लेक्सचा ठरलेला थाट आहे, त्यासाठी अक्षराच्या प्रती एकाखाली एक रचायला लागत. एकाच लेयरला अनेक स्ट्रोक देण्याची सोय 2015 मध्ये आली.

संगणक येण्याआधी हे सगळं पेंटरच्या मनगटात होतं. गावोगावचे पेंटर अक्षर रंगवून झाल्यावर एका बाजूला ‘शेड मारत’, आणि चांगला पेंटर अक्षर व शेड यांच्यात पाठीमागच्या रंगाची बारीक फट मोकळी सोडत असे. ती फट म्हणजेच कुंपण. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षकं रेखाटणारे कमल शेडगे (1935-2020) यांनी तर वेगळीच वाट दाखवली. वर्तमानपत्राच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात ना ग्रेडियंट होता ना ग्लो. नाटकाचा स्वभाव त्यांना अक्षराच्या वळणातूनच दाखवावा लागे, आणि ते तो दाखवत. सजावट वरून चढवण्याआधी अक्षराच्या आकारातच किती काही करता येतं, हे कळायला त्यांची शीर्षकं आजही समोर ठेवावीत.

आता मुद्द्याचं. हे सगळे इफेक्ट घडले ते रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून. रोमन अक्षर सुटं उभं राहतं, त्याच्या डोक्यावर रेघ नसते, वर मात्रा नि खाली उकार नसतो. देवनागरीवर तेच आकडे तसेच लावले की शब्द मोडतो.

‘बेलापूर’ हाच शब्द घ्या. ‘ब’च्या पोटातला तिरका दांडा पोटाचे दोन भाग करतो. समजा त्यांतला एक भाग रुंदीला 20 पिक्सेल आहे. आउटलाइन बाहेरच्या बाजूला 10 पिक्सेल दिली, की दोन्ही कडांकडून दहा-दहा पिक्सेल पुढे सरकतात आणि तो भाग पूर्ण बुजतो. ‘व’चं पोट अखंड असल्यानं ते त्याच आउटलाइनमध्ये थोडं का होईना उघडं राहतं. ‘ब’ मात्र नुसता गोळा होतो. शेवटी ‘पू’चा दीर्घ उकार, त्याची शेपटी खालच्या ओळीच्या मात्रांना जाऊन भिडते, आणि दोन्ही ओळींना सावली असेल तर वरच्या ओळीची सावली खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर पडते. आउटलाइन आतल्या बाजूला द्यावी म्हटलं, तर ती अक्षराचीच जाडी खाते आणि बारीक जोडरेषा नाहीशा होतात. उपाय एकच: अक्षराचा फॉन्ट एक पायरी बारीक निवडायचा आणि जाडी आउटलाइनला द्यायची. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होतं. सगळ्यात जाड फॉन्ट, वर सगळ्यात जाड बॉर्डर.

त्याहून मोठा धोका शिरोरेघेतल्या फटीचा. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्या वेगळ्या राहतात त्यात डोक्यावरच्या लहानशा मोकळ्या जागेचा वाटा मोठा. जाड आउटलाइन ती जागा भरून टाकते. लांबून ‘धन’ आणि ‘घन’ सारखेच. फ्लेक्सवर सर्वांत जास्त वेळा छापला जाणारा शब्द ‘भाऊ’ असेल, आणि त्याचा ‘भ’ कितीतरी वेळा ‘म’ होऊन टांगलेला असतो. अनुस्वाराचंही तसंच. शिरोरेघेपासून टिंब सहा-सात पिक्सेलवर असेल आणि ग्लो त्याहून जास्त पसरला, तर टिंब रेघेत विरघळतं आणि ‘संत’चं ‘सत’ होतं. रफार, मात्रा आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले तर काही विचारूच नका. अशा वेळी डिझायनरनं टिंब हातानं थोडं वर उचलावं, थोडं मोठं करावं. अक्षर काढणारे हातानं हे करतच आले आहेत.

शब्द रुंद दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवणं ही रोमनमध्ये सभ्य युक्ती आहे. देवनागरीत तिनं शिरोरेघ तुटते आणि नाव तुकड्यातुकड्यांत लोंबतं. रुंदी हवी असेल तर रुंद घडणीचा फॉन्ट घ्यावा. कमानीत नाव बसवतानाही हीच काळजी. वक्ररेषेवर टाइप केलं तर प्रत्येक अक्षर आपापल्या कोनात फिरतं आणि शिरोरेघेला जागोजागी कोपरे येतात. त्याऐवजी ‘वॉर्प टेक्स्ट’मधला ‘आर्क’ घेतला तर अख्खा शब्द एकत्र वाकतो आणि रेघ अखंड कमान होते.

कोरलड्रॉमध्ये काम करणाऱ्यांना आणखी एक दुखणं ठाऊक आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांमध्ये पुष्कळ अक्षरं सुट्या तुकड्यांनी बनतात, ‘म’ म्हणजे अर्धा ‘म’ आणि काना. हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात, म्हणून साध्या छपाईत सांधा दिसत नाही. पण त्या शब्दाला आउटलाइन दिली, की प्रत्येक तुकड्याभोवती वेगळी रेघ येते आणि प्रत्येक कान्याशी एक उभी चीर दिसते. पारदर्शकता दिली तर सांध्यांवर रंग दुप्पट गडद होतो. आधी सगळे तुकडे ‘वेल्ड’ करून एक आकार करायचा, मगच सजवायचं. फोटोशॉपची लेयर स्टाइल अख्ख्या लेयरचा एकच साचा धरते, त्यामुळे तिथे ही चीर येत नाही.

फोटोशॉपचं दुखणं दुसरं होतं. जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहत. म्हणून दुकानं जुन्या फॉन्टांना चिकटून राहिली. तिथे प्रत्येक तुकडा इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असल्यानं सॉफ्टवेअरला मराठी येण्याची गरजच नव्हती. पुढे पसंतीक्रमात दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन निवडायची सोय आली, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत ती निवडही करावी लागत नाही. तरीही जुनी सवय टिकून आहे. तिचा तोटा असा, की त्या फाइलमधला मजकूर शोधता येत नाही, उचलून दुसरीकडे चिकटवला तर अगम्य इंग्रजी अक्षरं उमटतात, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाला तो मराठी वाटतच नाही. फोनवरच्या पिक्सेललॅबमध्ये काम करणारी नवी मुलं या बाबतीत सुखी आहेत. त्यांची सुरुवातच युनिकोडनं झाली. पण पीएलपी फाइल, म्हणजे कुणीतरी आधीच तयार केलेलं डिझाइन, उतरवून घ्यायची आणि फक्त नाव बदलायचं, या पद्धतीत आउटलाइनचे आकडे दुसऱ्याच कुठल्या शब्दासाठी ठरलेले असतात. ‘राम’साठी बसवलेली बॉर्डर ‘बाळकृष्ण’ला लावली की ‘ष्ण’ बुजणारच.

फ्लेक्सला आणखी एक हिशेब लागतो, तो अंतराचा. दहा फूट बाय आठ फुटांचा फ्लेक्स 72 रेझोल्यूशनवर, म्हणजे इंचाला 72 पिक्सेल धरून, पूर्ण मापात केला तर 8640 गुणिले 6912, म्हणजे जवळपास सहा कोटी पिक्सेल होतात. छपाईच्या चार रंगांत एकच लेयर सुमारे 24 कोटी बाइट मागतो. म्हणून बरेच जण लहान मापात काम करून शेवटी मोठं करतात. इथे लक्षात ठेवायचं, की लेयर स्टाइलचे आकडे पिक्सेलमध्ये असतात. चित्र मोठं करताना इफेक्टही त्याच प्रमाणात मोठे केले नाहीत, तर पडद्यावर भरदार दिसलेली बॉर्डर छापून आल्यावर दोरा होते.

आता हा फ्लेक्स रस्त्यापलीकडून, 60 मीटरवरून बघा. निकोप डोळ्याला साधारण एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. 60 मीटरवर त्याचं माप येतं पावणेदोन सेंटिमीटर. 72 रेझोल्यूशनवर पावणेदोन सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ 50 पिक्सेल. पाच पिक्सेलची सोनेरी किनार, जिच्यासाठी अर्धा तास गेला, ती पावणेदोन मिलिमीटरची असते आणि त्या अंतरावरून ती कोणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त अक्षर आणि पाठभाग यांच्यातला फरक. आणि ‘ब’च्या पोटातली फट पन्नास पिक्सेलपेक्षा अरुंद असेल तर ती आधीच मिटलेली आहे. त्यामुळे नाव आणि मुख्य ओळ यांना बारीक चार इफेक्ट देण्यापेक्षा एकच जाड, ठळक विरोधी रंगाची किनार द्यावी. नाजूक बेव्हल जवळून वाचायच्या लग्नपत्रिकेसाठी राखून ठेवावा.

ग्लोबद्दलही तेच. पडदा स्वतः उजेड फेकतो, फ्लेक्स फक्त पडलेला उजेड परत करतो. पडद्यावरचा झगझगीत निऑन हिरवा शाईच्या चार रंगांत बसतच नाही, छापून येतो तो मळका. शिवाय ‘आउटर ग्लो’ मुळात ‘स्क्रीन’ पद्धतीनं मिसळतो, म्हणजे फक्त उजळवतो. पांढऱ्या पाठभागावर तो लावून काहीच का दिसत नाही याचं उत्तर हेच. फिकट पाठभाग असेल तर मिश्रणाची पद्धत ‘मल्टिप्लाय’ करून रंग गडद घ्यावा.

आनंदाची गोष्ट अशी की सजावट सोसणारी देवनागरी अक्षरं आता मुद्दाम घडवली जात आहेत, आणि ती मोफत आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला ‘बालू’ गुबगुबीत, गोल कडांचा आहे, त्याच्यावर बाहेरची आउटलाइन शोभते. त्यांचाच ‘मोदक’ याहून पुढे गेला. तो इतका जाड आहे की पोटाच्या जागा उरतच नाहीत, म्हणून अक्षराचे फराटे एकमेकांवर चढवून मध्ये केसासारखी पांढरी फट ठेवली आहे, आणि डोळा त्या फटीवरून अक्षर ओळखतो. त्याला मोठ्या मापात, सपाट रंगात, बॉर्डरशिवाय वापरावं. बॉर्डर दिली की त्या फटीच जातात. ‘यात्रा वन’मध्ये मुंबईच्या लोकलवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांचं वळण उतरलं आहे. मजकुरासाठी ‘मुक्ता’ आहे, बारीकपासून जाडापर्यंत अनेक वजनांत. ही सगळी युनिकोड आहेत आणि खुल्या परवान्याची आहेत.

सॉफ्टवेअरचंही तसंच. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला ‘गिंप’ 1996 मध्ये लोकांसाठी खुला झाला. देवनागरीची जोडाक्षरं तो बिनचूक लावतो. त्याची एक मोठी उणीव होती: सावली एकदा दिली की ती चित्रात पक्की होई आणि नाव बदललं तर सगळं पुन्हा करावं लागे. मार्च 2025 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ही उणीव दूर झाली. इफेक्ट आता लेयरवर वेगळे राहतात, हवे तेव्हा बदलता येतात. बेलापुरात जुना संगणक घेऊन बसलेल्या मुलीला हे काम शिकायचं असेल, तर तिला चोरीचं सॉफ्टवेअर लागत नाही आणि चोरीचे फॉन्टही लागत नाहीत. तिनं ‘मुक्ता’मध्ये आपल्या गावाचं नाव टाइप करावं, आउटलाइन एकेक पिक्सेल वाढवत न्यावी, आणि ‘ब’चा दांडा कुठल्या आकड्याला नाहीसा होतो ते टिपून ठेवावं. त्या आकड्याच्या निम्म्यावर थांबून पुढची सजावट सुरू करावी.